आईच्या फोनातली धुवारी

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आईशी व्हिडिओवर बोलत होतो, तेवढ्यात तिच्या पडद्यावर कसलीतरी पाटी आली. आईनं मैत्रीला हाक मारली. मैत्री म्हणजे माझ्या ताईची मुलगी; हिंगणघाटला आईजवळ राहून कॉलेज करते. तिनं वाचून दाखवलं: एक फेब्रुवारीपासून हे कॉलिंगचं ॲप या फोनवर चालणार नाही, फोनची सिस्टिम जुनी झाली आहे.

दुसऱ्या कुणाच्या आईचं यात काही अडलं नसतं. साधा फोन लावला असता. पण माझ्या आईचे कान सूतगिरणीत गेले. तिथल्या बायका यंत्रांच्या गदारोळात एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलायच्या, आवाज न काढता. आई अजूनही तसंच ऐकते, डोळ्यांनी. माझे ओठ दिसले तर ती माझ्याशी अर्धा तास भांडू शकते. नाही दिसले तर मी तिच्यासाठी मुका.

संघप्रिया म्हणाली, "मग नवा फोन पाठवा की." बायकोचा सल्ला बरोबरच होता, पण नवा गेल्या वर्षीच पाठवला होता. आईनं तो दोन दिवस हातात धरला आणि "पोरीले कॉलेजात लागते" म्हणून मैत्रीला देऊन टाकला. तिचा हात जुन्यावर बसलाय. खालच्या ओळीतलं तिसरं हिरवं चित्र, ते दाबलं की मी, अश्वजित. एवढंच तिचं फोनचं शिक्षण.

म्हटलं, सिस्टिम जुनी झाली ना, तर सिस्टिमच नवी बनवू. जगभरातल्या हौशी लोकांनी फोनच्या सिस्टिमचा सोर्स कोड उघडा ठेवलाय. कुणीही घ्यावा, आपल्या फोनच्या मापाचा करावा आणि आत भरावा. मी इथं आखातात, हिद्दच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, रोज कॉम्प्रेसरचे मीटर जुळवतो, मला हे का जमू नये? संघप्रियानं चहाचा कप समोर ठेवला. "करा. पण घरातला राउटर तेवढा जिवंत ठेवा."

फोन ठेवताना आई म्हणाली, "तू मळकट दिसून राह्यला रे. तोंड धुत नाई का?" जुना पडदा, दुसरं काय. तेही सुधारून टाकतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

इथं जिदहफ्सला खिजरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो होतो. हा फोन आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडूनच घेतला. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे या एकाच मॉडेलचा मोठा माल आला आणि त्या हिवाळ्यात आमच्यातला जो कुणी रजेवर गेला तो घरी हाच फोन घेऊन गेला. आमच्या इथल्या जयंती मंडळातले वर्ध्या-नागपूरकडचे गेले, कंपनीच्या बसवरच्या शंभूच्या ओळखीतले कोकणातले गेले. इकडे एकानं काही नेलं की दुसरा तेच नेतो, नाहीतर घरी तुलना होते. त्यामुळे फेब्रुवारीत अडणारा फोन माझ्या एकट्या आईचा नाही.

खिजरनं खणातून बंद पडलेले दोन फोन काढले. "भाई, ये तो मुर्दे हैं. इनमें जान डालोगे?"

"इंशाल्ला."

"तो ले जाओ. जान पड़े तो चाय पिला देना."

कोड उतरवायला लावलाय, तो काही संपत नाही. फायलींची नावं पडद्यावरून खालून वर सरकत राहतात. मी नुसता बघत बसतो. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी लिहिलेलं, त्यांची नावं ओळीओळीला, आणि ते सगळं झिंजमधल्या आमच्या दोन खोल्यांत उतरतंय. उगाच छाती भरून येते. संघप्रियाची मालिका मात्र अडकत अडकत चालते.

३० नोव्हेंबर, शनिवार

कॉम्प्युटरला कामाला लावून हिद्दला जायचं, संध्याकाळी येऊन पाहायचं, तर लाल अक्षरांत चूक. ती दुरुस्त केली की पुढची. अशा किती झाल्या ते लिहीत नाही, स्वतःचीच लाज वाटते. आज अखेर सिस्टिम पूर्ण बनली. खिजरच्या मेलेल्या फोनात भरली. पडदा उजळला! मी ओरडलोच. फोन सुरू होताना प्रकाशाचं एक कडं फिरतं आणि ते थांबलं की फोन उघडतो. माझं कडं फिरतच राहिलं. चहा झाला, जेवण झालं, कडं आपलं फिरतंय.

बघता बघता दुपारी डोळा लागला. स्वप्नात गिरणी होती. कापसाची पांढरी धूळ हवेत तरंगत होती आणि पलीकडून आई मला काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, पण मध्ये सगळा कापूस. मी लहानपणी तिला डबा द्यायला जायचो तेव्हा ती तशीच पांढरी होऊन बाहेर यायची, भुवयासुद्धा पांढऱ्या. जागा झालो तरी कडं फिरतच होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

कडं थांबलं. एक चुकीची ओळ होती, दुसऱ्या मॉडेलची उचललेली. फोन उघडला, आवाज आला, नेट आलं. कॅमेरा उघडला तर काळाकुट्ट.

त्याचं कारण कालच बसमध्ये शंभूला समजावत होतो. शंभू आमची झिंज ते हिद्द बस चालवतो, गुहागरकडचा. त्याच्या बायकोकडे, रत्नाबाईंकडे हाच फोन आहे, म्हणून माझ्यापेक्षा त्यालाच घाई. मी म्हटलं, बाकी सगळं उघडं आहे, पण कॅमेऱ्याच्या फायली कंपनीनं बंद ठेवल्यात. त्या जुन्या सिस्टिममधून तशाच्या तशा काढायच्या आणि नवीवर बसवायच्या. जुन्याला नव्याची भाषा कळत नाही.

"म्हंजे कलमच की वो," शंभू म्हणाला. "रायवळाच्या खोडावर हापूसची काडी. बांधून ठेवा घट्ट नि वाट बघा. धरली तर धरली."

संध्याकाळी मंडळाचा अभिवादनाचा कार्यक्रम होता. मेणबत्त्या, पांढरे कपडे, मागे बाबासाहेबांचा फोटो आणि मोठा निळा झेंडा. दरवर्षीप्रमाणे मी माझ्या फोनवरून आईला सगळं दाखवलं. ती हात जोडून बघत राहिली. मग म्हणाली, "यंदा झेंडा मातकट काहून आणला? निळा भेटला नाई का?" शेजारचे सगळे हसले. झेंडा तर कोरा, नीळ नुकतीच घातल्यासारखा. म्हणजे तिच्या फोनचे रंगही बिघडलेत. यादीत आणखी एक काम.

१७ डिसेंबर, मंगळवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्ताभर लाल-पांढरे दिवे. दुपारी कलम धरलं.

आधी पडद्यावर हिरवा चिखल आला, मग त्यात हळूहळू एक खिडकी, मग पडदा, मग संघप्रिया, भाजी निवडणारी. तिनं मान वर केली आणि विचारलं, "काय झालं? रडता काय?" मी रडत नव्हतो. डोळ्यांत पाणी होतं एवढंच.

संध्याकाळी आम्ही समुद्राच्या कडेनं चालत राहिलो. पाणी अगदी सपाट, दिवे त्यात उतरलेले. मला वाटत होतं की पलीकडे लगेच हिंगणघाट आहे, पाण्यात पाय घातला की पोचेन. संघप्रिया म्हणाली, पाय घालू नका, सर्दी होईल.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मैत्रीनं तिकडे आईच्या फोनात सिस्टिम भरली. मी इकडून एकेक पायरी सांगत होतो, ती करत होती. कंपनीनं सिस्टिमला घातलेलं कुलूप उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधी काढून ठेवले. आई शेजारी बसून विचारत होती, "मरते का तो?" मैत्री तोंड तिच्याजवळ नेऊन सांगायची, "नाही गं आजी, सर्व्हिसिंग आहे."

पडद्याची मांडणी मी जशीच्या तशी ठेवलीय. तिसरं हिरवं चित्र जागेवर. आणि गंमत म्हणजे आईनं ते न बघताच दाबलं! मैत्री म्हणते, आजकाल आजी फोनकडे बघतसुद्धा नाही, बोटानं चाचपते आणि बरोबर तिथंच ठेवते. याला म्हणतात हात बसणं. मंडळात सगळ्यांना सांगितलं.

पहिला कॉल लागला. तिचा चेहरा इतका स्वच्छ आला की कपाळावरचं गोंदण दिसलं. मी विचारलं, "कसा दिसतो मी?"

आईनं फोन जवळ नेला, लांब नेला. "धुवारीत उभा हायस तू," ती म्हणाली. आमच्याकडे धुक्याला धुवारी म्हणतात.

मन खट्टू झालं. इतकं करून पुन्हा तेच. कॅमेरा, पडदा, रंग, काहीतरी माझ्याकडून राहिलंय.

१० जानेवारी, शुक्रवार

गेले दोन दिवस इथंच धुकं आहे. काल शंभूनं बस पुलावरून मुंगीच्या चालीनं नेली. समुद्र नव्हता, हिद्द नव्हतं, बस कुठल्यातरी ढगात उभी होती. मला ते फार आवडलं. कुणी उतरा म्हणालं नसतं तर तसाच बसून राहिलो असतो.

आज आईनं विचारलं, "धुवारी पडली का तिकडं?" मी खिडकी दाखवली. समोरची इमारत नाही, पाण्याच्या टाक्या नाहीत, सगळं पांढरं. "खरंच पडलीय गं!" दोघंही हसलो. ती म्हणाली, "मंग बरं. मले वाटलं मलेच."

उजेड वाढवलेली नवी फाइल पाठवली. मैत्री मध्येच कसल्यातरी शिबिराचं सांगायला लागली, वॉर्डातल्या शाळेत रविवारी आहे आणि आजी ऐकत नाही म्हणून. मी म्हटलं, शिबिर-बिबिर नंतर, आधी बॅटरी अर्ध्याच्या वर आहे ना बघ, नाहीतर फोन मध्येच जाईल. पोरींना दहा गोष्टी एकदम सुचतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

आई आता फार समजूतदार झालीय. पूर्वी एकेका शब्दाला अडायची, हल्ली मी काहीही म्हटलं तरी मान हलवते, "हो, हो." आज धीर करून पुढच्या खोलीचा विषय काढला. ती खोली भाड्यानं द्यावी असं मी कधीपासून म्हणतोय, मैत्री कॉलेजला गेली की तिला सोबत होईल. आजवर तिनं मला त्यावरून फैलावर घेतलं. आज म्हणाली, "हो, हो. बरं होईन." मी ताईला लगेच कळवलं.

मैत्रीनं सांगितलं की आजीनं काल चहात मीठ घातलं आणि पाहुण्यांनी मुकाट्यानं प्यायला. आम्ही खूप हसलो. आईही हसली, आम्ही हसतोय हे बघून.

फाइल टाकली तरी धुवारी तशीच. "पण तू करशीन," ती म्हणाली. तिचा एवढा विश्वास बघून मला झोप येत नाही. कारखान्यात मीटर चुकीचा आकडा दाखवत असला तर मी आधी मीटरच तपासतो, तिथं मी कधी चुकलेलो नाही. इथं काय निसटतंय?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक तारीख आली आणि गेली. ज्यांनी माझी सिस्टिम भरली त्यांचे फोन चालू आहेत. शंभू आज पेढ्यांचा पुडा घेऊन आला. रत्नाबाईंनी त्याला व्हिडिओवर बघून पहिलं काय विचारलं, तर शर्टाचं दुसरं बटण कुठं गेलं.

"हितनं तितं बटान दिसलं तिला!" शंभू म्हणाला. "पूर्वीच बरा होता फोन. आता काय लपत नाय."

खिजरलाही चहा पाजला. जान पडली म्हणून तो मेलेला फोन दुकानातल्या प्रत्येकाला दाखवत होता.

सगळ्यांना स्वच्छ दिसतं आणि एकट्या आईला नाही. हेच मॉडेल, हीच फाइल. शोधलं तर कळलं की या फोनला दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे पडदे लागत होते. आईचा दुसऱ्या कारखान्याचा असणार! एवढा आनंद झाला की बसमध्ये मोठ्यानं हसलो. आता फक्त तिच्या पडद्यासाठी वेगळी फाइल बनवतो. कडा ठळक, काळा-पांढरा फरक जास्त, निळा दुप्पट. फाइलला आईचंच नाव दिलं, 'इंदुबाई'.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घोळ झाला. ताईनं ठरवलेला भाडेकरू सामान घेऊन आला आणि आईनं त्याला दारातून परत पाठवलं. वर मला कॉल. "कोणाले इचारून माणूस पाठवला? माह्या घरात?" मी म्हटलं, "आई, तूच हो म्हणालीस!" तर ती थोडा वेळ फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो, हो." मग हो कशाला?

वय झालं तिचं. स्वतः कबूल करते आणि विसरते. ताईला म्हटलं, जाऊ दे, आईपुढे कुणाचं चाललंय. पण मला वाईट वाटलं. मी तिच्याशी ओरडून बोललो, तोंड मोठं मोठं करून, आणि ती लहान मुलासारखी मान हलवत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

'इंदुबाई' भरली. मैत्री म्हणाली, रंग इतके भडक झालेत की तिचेच डोळे दुखले. आई म्हणाली, "तसंच हाय. पण घाई नको करू."

मी कॉम्प्युटर बंद करून बसलो. संघप्रियानं बाजूला येऊन सांगितलं, "मागच्या आठवड्यात मी बोलले त्यांच्याशी. मी विचारलं गुडघा कसा आहे, त्या म्हणाल्या जेवण झालं. तुम्ही फोन फोन करताय, पण मला नाही वाटत हे फोनचं आहे."

"मग कशाचं आहे?"

"तेच बघा म्हणते."

मला राग आला. तीन महिने मी कुठल्या कुठल्या ओळी तपासतोय आणि हिला वाटतं फोनचं नाही. तोडून बोललो. ती उठून आत गेली. आता दोघं दोन खोल्यांत. स्वप्नातला कापूस जागेपणीही डोळ्यांपुढे येतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज म्हटलं, शेवटचा उपाय. आईचा फोन मैत्रीनं हातात धरायचा आणि मी कसा दिसतो ते तिनं सांगायचं. संघप्रिया मागे उभी होती.

मैत्रीनं बघितलं. "मामा, एकदम क्लिअर. मागे मामीचं कॅलेंडर दिसतंय, त्यावरची तारीखपण वाचता येते."

"मग आजीला धूसर का दिसतं?"

"आजीला मीपण धूसर दिसते ना मामा."

मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, "म्हणजे सगळंच. सुई, भांडी, सगळं. रात्री दिवा लावला की म्हणते दिव्याला पिसारा फुटला. आय टोल्ड यू ना. जानेवारीत शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. मी नेत होते तिला, ती आलीच नाही. म्हणाली, माह्या डोळ्याले काही नाई झालं, मोबाईल खराब हाय. अश्वजित दुरुस्त करून राह्यला."

आई शेजारी बसलेली होती, आमच्याकडे तोंड करून, हसत. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

ती डोळ्यांनी ऐकते हे मीच या वहीत पहिल्या दिवशी लिहिलंय. ती हो हो म्हणत होती कारण माझे ओठ तिला दिसतच नव्हते. मी इतके आठवडे एका बहिऱ्या बाईशी अंधारात बोलत होतो आणि ती माझं मन राखायला मान हलवत होती. मी म्हटलं धूसर दिसणं हा माझ्या कोडचा दोष आहे, म्हणून तिनं मानलं. मला माझीच शिसारी आली.

संघप्रियानं खांद्यावर हात ठेवला. मी तिला म्हटलं, तू सांगत होतीस. ती म्हणाली, "तिकीट बघा."

७ मार्च, शुक्रवार. हिंगणघाट

रमजानमुळे कामाचे तास कमी, म्हणून थोडी रजा सुटली.

मंगळवारी दुपारी घरी पोचलो. आई ओट्यावर बसली होती. मी फाटकात उभा राहून हसलो. ती माझ्याकडे बघत होती आणि ओळखत नव्हती. "कोण पाह्यजे बापा?" म्हणाली. मी जवळ गेलो, अगदी गुडघ्यांशी बसलो, तिचा हात घेऊन माझ्या तोंडावर ठेवला. बोटं ओठांवरून फिरली.

"अश्वजित! अरे, मोबाईलात नाई हायस तू?"

"नाही आई."

"मंग इथंबी धुवारी काहून?" तिनं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. मग तिचं तिलाच कळलं. रडली नाही. म्हणाली, "घ्या. मी समजत होतो, मोबाईलातच हाय." आणि मलाच थोपटायला लागली, कारण मी रडत होतो.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यातला फार पिकलाय, आत दाबही वाढलाय. डाव्याचं काही सांगता येत नाही, उजवा येईल. आधी का नाही आणलं, असंही त्यांनी विचारलं. त्यात साखर वाढलेली. ती उतरल्यावर शस्त्रक्रिया. तोवर माझी रजा संपते.

आज मी परतीची बॅग भरताना मैत्री म्हणाली, 'इंदुबाई' काढून साधी फाइल परत टाकू का? म्हटलं टाक. सगळ्यांची आहे तीच.

४ एप्रिल, शुक्रवार

उजव्याची झाली. ताई सोबत होती. पट्टी निघाली, पण डॉक्टरांनी सांगितलंय की काही दिवस पडद्याकडे बघायचं नाही. मैत्रीच्या निरोपांवर दिवस काढतोय. विचारलं, काय म्हणते आजी? तर म्हणे, घर झाडून काढलं आणि सगळ्यांना शिव्या घातल्या, एवढे जाळे होते आणि कोणी सांगितलं नाही.

डाव्याचं अजून कळत नाही. बसमध्ये शंभूनं विचारलं, "आईस दिसाया लागलं का?" मी म्हटलं उजव्यानं. तो म्हणाला, एक डोळा पुरतो हो भाऊ, आमची म्हातारी एकाच डोळ्यानं साऱ्या वाडीवर नजर ठेवायची. मला हसू आलं आणि बरं वाटलं.

१४ एप्रिल, सोमवार

मंडळाचा कार्यक्रम शुक्रवारी झाला. आज जयंतीला मी कामावर. कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी होतो, कानांवर आवाजरोधक, तेव्हा खिशात फोन थरथरला. आई. तिनं स्वतः लावलेला.

आवाज तर काही येणं शक्य नव्हतं. मी फोन समोर धरला. ती पडद्यात आली, पांढरं लुगडं, काळा चष्मा. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत राहिली. माझ्याकडेच. कितीतरी वेळ. मग तिचे ओठ हलले आणि मी ते वाचले, लहानपणी गिरणीच्या फाटकाशी वाचायचो तसे.

"दाढी पांढरी झाली रे तुही."

मी काही बोलायच्या आत तिनं फोन फिरवला. वॉर्डातली गल्ली, घराघरावर झेंडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं, वाऱ्यानं फडफडणारं. मैत्री निळा फेटा बांधून उभी. फोन परत वळला. आईच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"पाह्य, पाह्य! केवढं निळं हाय! मी विसरलोच होतो. आता केलं तू बरोबर. एवढे दिवस काहून लावले?"

मागे यंत्रं धडधडत होती, माझा आवाज मलाच ऐकू आला नसता. मी तो काढलाच नाही. नुसत्या ओठांनी म्हटलं, "आई, मी काही नाही केलं. डॉक्टरांनी केलं."

तिनं लगेच मान उडवली. "डॉक्टरनं डोया केला. मोबाईल तूच केला."

पुढच्या खोलीचं विचारू का, असं मनात आलं. नाही विचारलं. मी ओठांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि सवयीनं पुन्हा विचारलं, तोंड मोठं करून, एकेक अक्षर तोडून.

"एवढं तोंड नको वासू," ती म्हणाली. "समजते मले."